येतानाची चार चित्रं

"काकू, ह्या पोपटाची चोच किती घरांची आहे?"

सुमंत स्टुलावर चढून भिंतीवरच्या फ्रेमला नाक लावून उभा होता. काचेवर त्याच्या श्वासाची वाफ धरली होती.

"अकरा," उमाबाई चहाचा कप टेबलावर ठेवत म्हणाल्या. "सात लाल, तीन गडद लाल आणि टोकाला एक काळं. खाली उतर आधी. त्या स्टुलाचा एक पाय माझ्याहून म्हातारा आहे."

"आणि डोळा?"

"चार. तीन काळी, एक पांढरं. ते पांढरं घातलं नाही तर पोपट पेंढा भरल्यासारखा दिसतो."

सुमंत उतरला. चहाकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. "काकू, तुम्ही हे जे करता ना, ते करायला जपानात माणसं पगार देऊन ठेवतात."

उमाबाईंना हसू आवरेना. सांगलीच्या गावभागात बावीस वर्षं त्या मुलींना भरतकाम शिकवत होत्या. दसुतीचं कापड म्हणजे सगळी चौकोनी घरांची वीण. घरं मोजायची आणि एकेका घरात फुलीचा एकेक टाका घालायचा. उशांचे अभ्रे, ताटावरचे रुमाल, रुखवतात मांडायचे राघू आणि हरणं. लग्न झालं की त्या मुली सासरी जायच्या आणि हरणं कपाटात जायची. जपानचं सोडाच, पेठेतल्या दोरेवाल्यानंही त्याला कधी कला म्हटलं नव्हतं.

सुमंत मागच्या गल्लीतला. इंजिनिअर झाला, पुण्यात दोन वर्षं काढली आणि चौऱ्याण्णव साली विश्रामबागेत कॉम्प्युटरचे क्लास घेऊन बसला. क्लास नावापुरते, त्याचा जीव होता व्हिडिओ गेममध्ये. कराडच्या हंबीररावांची सांगली, कराड आणि साताऱ्याच्या स्टँडजवळ गेमची दुकानं होती. त्यांना परदेशी खेळांचा कंटाळा आला होता आणि सुमंतनं छातीठोकपणे सांगितलं होतं, मी तुम्हाला आपला एक बनवून देतो. बनवलाही. त्यात माणूस पळायचा, उडी मारायचा, गुण मोजले जायचे. फक्त तो माणूस काडेपेटीतून सांडलेल्या चार काड्यांसारखा दिसायचा. एका ड्रॉइंग मास्तरांनी छान रंगवलेलं चित्र दिलं, तर लहान करताना त्याचा चिखल झाला. चित्र लहान करून चालत नाही, ते लहानच जन्माला यावं लागतं, एवढं सुमंतला तेव्हा कळलं.

"सोळा घरं आडवी, सोळा उभी," तो सांगत होता. "असे दोन चौकोन एकावर एक ठेवले की माणूस. आणि एका चित्राला रंग तीनच."

"तीनच?"

"तीनच. बाकीची घरं रिकामी."

"म्हणजे तोंडाला एक, कपड्याला एक, आणि केस, डोळे, वहाणा सगळं एकात?"

"बरोबर."

"गरिबाघरचं रुखवत दिसतंय," उमाबाई म्हणाल्या आणि त्यांनी चौकटीची वही पुढे ओढली.

दुसऱ्या दिवशी त्या क्लासमध्ये गेल्या. सुमंतनं त्यांना एकामागून एक खेळ दाखवले. एकात सगळं वरून दिसायचं, गच्चीतून अंगणातली रांगोळी बघावी तसं. एकात घरं कोपऱ्यावरून पाहिल्यासारखी तिरकी होती. ती बघून त्यांची मान आपोआप तिरकी झाली. एकात खऱ्या माणसांचे फोटो कापून घातलेले होते आणि ती माणसं पत्त्यांसारखी सरकत एकमेकांना मारत होती. "ह्यांना पाय आहेत पण चालता येत नाही," उमाबाईंनी निकाल दिला. मग सुमंतनं बाजूनं दिसणारा खेळ लावला. समोरून रस्ता जातोय आणि माणूस डावीकडून उजवीकडे चाललाय.

उमाबाई पदराचं टोक धरून बराच वेळ बघत राहिल्या.

"हा खिडकीतून बघितल्यासारखा आहे," त्या म्हणाल्या. "असा असेल तर मला जमेल."

ती खिडकी त्यांच्या घराची होती. तिच्यातून समोरची गल्ली दिसायची. उजवीकडे गेलं की स्टँडचा रस्ता. त्यांचे यजमान चिंतामणराव मलेरिया खात्यात होते. बदली म्हसवडला झाली तरी बिऱ्हाड सांगलीतच राहिलं. सोमवारी सकाळी ते निघायचे आणि शनिवारी संध्याकाळी परत यायचे. अधले दिवस माणदेशातल्या गावांतून पायी फिरती. कुणाला ताप आहे का विचारायचं, बोटाला सुई टोचून काचेवर रक्ताचा थेंब घ्यायचा, गोळ्या द्यायच्या, गेरूनं दाराशी तारीख टाकायची आणि पुढच्या घरी जायचं. जगातली सगळी कुत्री आपल्याला ओळखतात आणि तरीही भुंकतात, असं ते म्हणायचे.

सोमवारी खिडकीतून त्यांची उजवी बाजू दिसायची. हातात कुत्र्यांसाठी काठी. पिशवी डाव्या खांद्याला, म्हणजे पलीकडे. तिचा नुसता पट्टा छातीवर दिसायचा. शनिवारी ते उलटे यायचे आणि पिशवी अलीकडे यायची. गल्लीच्या टोकाशी आधी पिशवी दिसायची, मग माणूस. ती दिसली की उमाबाई चहाचं आधण ठेवायच्या.

नव्वद साली एका गुरुवारी म्हसवडच्या पलीकडे एका घराच्या ओट्यावर चिंतामणराव वहीत नाव लिहायला टेकले, ते पुन्हा उठले नाहीत. खात्याच्या जीपनं त्यांना घरी आणलं. त्या शनिवारी घर माणसांनी भरलं होतं आणि तरीही संध्याकाळी उमाबाई खिडकीकडे बघत होत्या.

त्यांच्याकडे यजमानांचा एकच फोटो होता, ओळखपत्रासाठी काढलेला. चार वर्षं रोज बघून बघून त्या फोटोनं खरा चेहरा खाऊन टाकला होता. चाल मात्र फोटोत नव्हती, म्हणून ती शाबूत राहिली होती.

चालायला चार चित्रं लागतात असं सुमंत म्हणाला. उमाबाईंनी आठ दिवस घेतले. मुलींना टाके घालायला बसवायच्या आणि स्वतः खोलीतल्या खोलीत येरझारा घालायच्या. मुली एकमेकींना कोपरं मारायच्या. पाऊल टाकताना माणूस किंचित खाली बसतो आणि मग वर येतो, हे जन्मभर चालून त्यांना आत्ता कळलं. म्हणून दुसऱ्या आणि चौथ्या चित्रात अख्खा माणूस त्यांनी एक घर खाली घेतला. उजवं पाऊल जरा फाकलेलं. मान पुढे. पांढऱ्या टोपीखाली केसांचं एकच घर.

सुमंतनं चारही चित्रं मशीनमध्ये भरली, बटण दाबलं आणि चिंतामणराव चालायला लागले.

क्लासमध्ये पंखा फिरत होता, बाहेर कुणीतरी स्कूटरला किका मारत होतं. बोटभर उंचीचा माणूस काळ्या पडद्यावर आपली काठी सांभाळत चालला होता. सुमंतनं घाबरून उमाबाईंकडे पाहिलं.

"थांबव," त्या म्हणाल्या. "मान एक घर अजून पुढे. हे नेहमी माणसाआधी मान पोचवायचे."

हे म्हणजे कोण, ते सुमंतला तेव्हा कळलं. लहानपणी त्यानं त्यांच्याकडून गोळी मागून घेतली होती आणि ती कडू निघाल्यावर गल्लीभर थुंकत फिरला होता. त्यानं पडद्यावरची मान एक घर पुढे केली.

त्यानंतरचे तीन महिने उमाबाईंचे कसे गेले ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. दुपारी जरा डोळा लागला की गल्ली घराघरांची होऊन समोर यायची. वसंतदादांच्या पुतळ्यापासून घाटापर्यंत जायला निघाल्या तर कृष्णेचं पाणी तीन रंगांत कसं बसेल हे मोजता मोजता घाट मागे पडायचा. मार्केट यार्डात हळदीचे ढीग बघून त्या उभ्याच राहायच्या. दोन पिवळे आणि एक तांबूस, झालं. भाजीवाली विचारायची, "आवं बाई, बरं वाटंना व्हय?" आणि त्या म्हणायच्या, "नाही गं, फार बरं वाटतंय." खरंच वाटत होतं. चार वर्षांत पहिल्यांदा त्यांना सकाळी उठायची घाई असायची.

बाभळी झाल्या. कुत्री झाली, चार तऱ्हेची. डास झाले, ओढे झाले, देवळाचं शिखर, मेंढरं, घोंगडं पांघरलेला धनगर. आणि एका कौलारू घराच्या वळचणीला एक मोर झाला. तो उमाबाईंनी अकरा दिवस घेऊन काढला. तीनच रंग, पण निळ्याच्या शेजारी हिरवं असं काही एकाआड एक घर बसवलं होतं, की लांबून तिसराच, मोराच्या मानेवर असतो तो रंग दिसायचा. सुमंतनं डोळे चोळून पाहिले. "काकू, हा चौथा रंग कुठून आला?"

"शेजारून," त्या म्हणाल्या.

हंबीरराव बघायला आले. अंगानं पैलवान, आवाजानं त्याहून मोठे. पडदा बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"सुमंतराव, ह्यो कोन म्हातारा? आन बंदूक कुठाय ह्याची?"

"बंदूक नाही. डास चुकवायचे, कुत्री चुकवायची, गावागावात गोळ्या पोचवायच्या."

"गोळ्या वाटायच्या? मारायच्या न्हाईत?" हंबीररावांनी कपाळावर हात मारला. "गड्या, पोरं हसत्याल मला." पण बसले खेळायला. पहिल्या कुत्र्यानं त्यांना धरलं. दुसऱ्या डावात ओढ्यात पडले. तिसऱ्यात चिडून खुर्ची पुढे ओढली. तासाभरानं मोराच्या घरापाशी पोचले आणि हात सोडून बघतच बसले. "बाई, ह्यो मोर म्हंजे लाखात एक बगा. ह्याच्यासाठनं तरी पोरं हितवर येत्याल. ठरलं. येत्या गुरवारी खेळ मुंबईला जातोया, चिपवर भाजायला. एकदा भाजली की भाजली, मग काना-मात्रा बदलत न्हाई."

मोराकडे बघता बघता डास अंगावर आला. हंबीररावांनी गडबडीनं खेळायचा दांडा डावीकडे ओढला. पडद्यावरचा माणूस वळला आणि उलटा चालू लागला.

"हे कोण?" उमाबाई म्हणाल्या.

सुमंतला प्रश्न कळला नाही.

"पिशवी कुठाय ह्यांची?"

पिशवी नव्हती. परत येणाऱ्या माणसाच्या छातीवर नुसता पट्टा होता आणि पिशवी पलीकडे, उजव्या खांद्याला गेली होती. हंबीरराव गेल्यावर सुमंतनं समजावून सांगितलं. डावीकडची चित्रं वेगळी नसतातच. मशीन तीच चित्रं आरशात धरल्यासारखी उलटी करून दाखवतं. सगळ्या खेळांत असंच. परदेशी खेळांतसुद्धा वळलं की तलवार ह्या हातातून त्या हातात जाते, कुणी बघत नाही.

"मी बघते," उमाबाई म्हणाल्या.

"काकू, मशीनमध्ये एकशे अठ्ठावीस चौकोन मावतात. एकशे अठ्ठावीस भरलेत. यायची चार चित्रं म्हणजे आठ चौकोन. कुठून आणू? आणि खेळ सगळा उजवीकडे आहे. डावीकडे मुद्दाम कोण वळतंय?"

उमाबाई खुर्चीवर बसल्या. सरळ बोलायची सवय सुटून त्यांना चार वर्षं झाली होती. लोकांना वाईट वाटू नये म्हणून त्या सगळं बरं आहे म्हणायच्या. आता मात्र म्हणाल्या, "सुमंत, जाताना मी ह्यांना पाहिलंय रे. शेवटचं तेच पाहिलंय. येतो म्हणाले आणि त्या कोपऱ्यावरून गेले. मला हे येताना बघायचे आहेत. आणि तू जो दाखवतोस तो माणूस येताना दुसराच कोणी होतो."

सुमंतनं मान खाली घातली. मग त्यानं चौकोनांची यादी उघडली आणि वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं.

"आठ चौकोनांची एकच गोष्ट आहे," शेवटी तो म्हणाला. "मोर."

बुधवारी हंबीरराव शेवटचं बघायला आले तेव्हा कौलारू घराची वळचण मोकळी होती.

"मोर कुठं ग्येला?"

सुमंत काहीतरी जागेचं, चौकोनांचं सांगू लागला. हंबीररावांनी त्याला हातानं गप्प केलं. "जागा न्हाई म्हंतूस, तर धनगर काड. देवाळ काड. मोर कशापायी काडतूस? म्या चार जनांस्नी सांगून बसलोय."

"मोर मी काढायला सांगितला," उमाबाई म्हणाल्या. "तो चालणारा माणूस माझा नवरा आहे. त्याला परत यायला जागा पाहिजे होती."

हंबीरराव खुर्चीत मागे रेलले. पडद्यावर चिंतामणराव पुढच्या हुकमाची वाट बघत उभे होते. त्या एवढ्याशा माणसाकडे हंबीरराव बघत राहिले आणि बोलले तेव्हा त्यांचा आवाज खोलीपुरताच होता.

"मग ऱ्हाऊ द्या, वैनी. मोर जाऊ द्या."

सुमंतला एक कळ दाबून मोर पुसता आला असता. उमाबाईंनी तसं करू दिलं नव्हतं. स्वतः बसून त्यांनी एकेक घर रिकामं केलं होतं. आपण घातलेला टाका आपणच उसवायचा, तो कात्रीनं कापायचा नाही, असं त्या मुलींना शिकवत आल्या होत्या. मान उसवताना तो चौथा रंग कुठल्या घराशी नाहीसा झाला ते त्यांना समजलं नाही.

आता येतानाची चार चित्रं. हातात एक रात्र नि अर्धी सकाळ. ती जातानाच्या चित्रांसारखी नव्हतीच. सोमवारी माणूस एक घर खाली बसायचा, शनिवारी दोन बसायचा. पाच दिवसांची चाल होती ती. काठी काखेत. पिशवी अलीकडे, आणि तिच्यावर पालथा हात, कारण आत म्हसवडच्या बाजारातली बोरं असायची आणि ती हिंदकळलेली त्यांना चालायची नाहीत. गुरुवारी दहा वाजता त्यांनी चौकटीची वही सुमंतच्या हातात दिली. त्यानं घाईघाईनं घरं भरली आणि म्हणाला, "काकू, पाच मिनिटं थांबा, लावून दाखवतो. मग मी गाडी पकडतो."

उमाबाई उठल्या होत्या. "तू जा," त्या म्हणाल्या. "गाडी चुकेल."

गाडीला वेळ होता. खरं म्हणजे त्यांना भीती वाटली. एखादं घर इकडचं तिकडं झालं असलं आणि येणारा माणूस पुन्हा परकाच निघाला, तर चिप भाजल्यावर काय उसवणार? न बघता राहिलं तर निदान ते येत असतील असं धरून चालता येतं. माणूस स्वतःला फसवायला कारणं शोधतो, आणि शिकलेला असो वा नसो, ती त्याला पटकन सापडतात.

खेळ लागला. सांगलीच्या दुकानात एक मशीन, कराडला एक, साताऱ्याला एक. फार चालला नाही, अगदी पडलाही नाही. उमाबाई एकदा स्टँडवरून येताना दुकानाच्या दाराशी थबकल्या. आत सगळी पोरंच. कोपऱ्यातल्या पडद्यावर चिंतामणराव उजवीकडे, उजवीकडे चालले होते. प्रत्येक पोर दांडा उजवीकडेच दाबत होतं. सुमंत म्हणाला होता ते खरं होतं. त्या घरी आल्या आणि मुलींच्या हरणांकडे वळल्या.

पुढे सुमंतला पुण्यात नोकरी लागली. अठ्ठ्याण्णवच्या गणपतीत तो आला तो कॉम्प्युटर घेऊनच, आणि उमाबाईंना घरी बोलावून नवीन खेळ दाखवू लागला.

"ह्यात चित्र नसतंच, काकू. आधी माणूस घडवायचा, कुंभारासारखा. त्रिकोणांचा. मग त्याला वरून, खालून, मागून, कुठूनही बघा." त्यानं माउस हलवला आणि पडद्यावरचा माणूस भोवऱ्यासारखा गर्रकन फिरला. त्याच्या खांद्यावरची बंदूक फिरतानाही त्याच खांद्यावर राहिली. "बघितलंत? आता उजवं-डावं वेगळं काढायलाच नको. काही सोडायलाही नको."

"छान आहे," उमाबाई म्हणाल्या. त्या माणसाचा चेहरा बघून त्यांना वाटलं, ह्याच्या डोळ्यात ते एक पांढरं घर घालायचं राहिलंय. पण पोर एवढ्या हौसेनं दाखवत होतं, म्हणून त्या बोलल्या नाहीत.

निघताना सुमंत सहज म्हणाला, "हंबीरराव जुनी मशीनं मोडीत काढतायत. सांगलीचं गेलं, कराडचंही गेलं. साताऱ्याचं तेवढं दसऱ्यापर्यंत आहे."

सोमवारी उमाबाईंनी मुलींना सुट्टी दिली आणि साताऱ्याची एस.टी. पकडली. कराड गेलं, उंब्रजला गाडी चहाला थांबली. त्या खाली उतरल्या नाहीत. आपण कुठे निघालोय हे कुणी विचारलं असतं तर त्यांनी धाकट्या बहिणीचं नाव सांगितलं असतं. बहीण साताऱ्यात होती हे खरंच होतं.

दुकान स्टँडसमोरच होतं. दुपारची वेळ, आत पंख्याखाली मालकाचा माणूस पेंगत होता. शाळा सुटायची होती, त्यामुळे पोरं नव्हती. कोपऱ्यातल्या मशीनसमोर खाकी कपड्यातले एक कंडक्टर उभे होते. तिकिटांची पेटी पायाशी ठेवून ते दातओठ खात खेळत होते. छातीवरच्या बिल्ल्याखाली नाव होतं, लालासाहेब.

काचेवर चरे पडले होते, रंग विटले होते. पण माणूस चालत होता. मान पुढे, उजवं पाऊल फाकलेलं.

उमाबाई थोड्या अंतरावर उभ्या राहिल्या. लालासाहेबांनी मागे वळून पाहिलं. "काय पायजे वं, बाई? पोरगं हुडकतायसा?"

"नाही. तुमचा खेळ बघतेय. चालेल ना?"

"बगा की. आमचा कसला खेळ? गाडी सुटंस्तवर टाईमपास." आणि त्यांनी पुन्हा दांडा धरला. पुढे ओढा आला. लालासाहेब काठापाशी थांबले. "ह्यो वडा लय वंगाळ. पोरं पळत येत्यात आन उडी टाकत्यात. मला न्हाई जमत. मी आपला आदी मागं सरतो."

त्यांनी दांडा डावीकडे घेतला.

पिशवी अलीकडे आली. तिच्यावर पालथा हात होता. काठी काखेत होती. एक पाऊल, दोन पावलं. माणूस दोन घरं खाली बसला आणि वर आला. चूक होती. कोपरापाशी एक घर रिकामं राहिलं होतं, तिथून मागचा रस्ता दिसत होता. घाईत सुमंतकडून राहिलं असेल, किंवा त्यांच्याच वहीत राहिलं असेल. एवढ्याशा चुकीसाठी त्यांनी मुलींचे अख्खे अभ्रे उसवायला लावले होते. आणि तरी ते तेच होते. शनिवारचे, दमलेले, घराकडे येणारे. त्यात तसूभर शंका नव्हती.

मग लालासाहेब वळले, पळत गेले आणि त्यांनी उडी टाकली. ओढा पार झाला आणि नव्या पडद्यावर पुढचं गाव लागलं.

"पुढचा ओढा कधी येतो?" उमाबाईंनी विचारलं.

"ह्यो काय, आलाच." लालासाहेबांनी जरा नवलानं बघितलं. मग बाहेर भोंग्यातून काहीतरी पुकारलं गेलं, तशी त्यांनी वाकून पेटी उचलली. "च्यायला, लागली गाडी. बाई, ह्ये घ्या. एक लाईफ हाय अजून. वाया कशाला घालवायची?"

"मला येत नाही हो."

"त्यात काय यायचंय? दांडा धरायचा. हिकडं दाबलं की जातंय, तिकडं दाबलं की येतंय." आणि ते गेलेसुद्धा.

चिंतामणराव पुढच्या ओढ्याच्या अलीकडे उभे होते. वर कोपऱ्यात वेळेचे आकडे कमी होत होते, एकोणसाठ, अठ्ठावन्न. उमाबाईंनी पिशवी खाली ठेवली, पदर खोचला आणि दांडा धरला. तो लालासाहेबांच्या हातानं अजून गरम होता. त्यांनी तो डावीकडे दाबला.

ते वळले आणि येऊ लागले. बाभळीवरून, धनगराच्या मेंढरांवरून, कौलारू घराच्या मोकळ्या वळचणीवरून. दोन घरं खाली, दोन घरं वर. कुत्री आता पलीकडे राहिली होती. पडद्याच्या डाव्या कडेशी ते आले आणि तिथे रस्ता संपला. त्या गावात त्यापुढे काही काढलेलं नव्हतं. तरी ते थांबले नाहीत. दांडा दाबलेला होता तोवर ते कडेला लागून तिथल्या तिथे चालत राहिले, उमाबाईंपासून वीतभर अंतरावर, पिशवीवर हात ठेवून.

बाहेर सांगलीच्या गाडीचं नाव दोनदा पुकारलं गेलं. आकडे वीसच्या खाली आले. उमाबाईंनी दांडा सोडला नाही.